बुधाच्या खांबावर घोडा नाही

आमच्या करंजपाड्यात घोडा कुणी पाळलेला नाही. पाळणार कशाला? सुरगाण्याच्याही पुढे, पार नदीच्या वरच्या अंगाला, जिथला शेवटचा चढ बघून एसटीसुद्धा माघारी फिरते, तिथे घोडा येऊन करणार काय? तरी गावाबाहेरच्या माळावर एकशे चौदा घोडे उभे आहेत. त्यातले एकसष्ट माझे.

म्हणजे मी कोरलेले. आमच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं सागाचा खांब उभा करतात. वर सूर्य-चंद्र, मधे घोड्यावर बसलेला तो माणूस, आणि खाली तो कसा गेला त्याचं चित्र. वाघानं नेला असेल तर वाघ, पुरात गेला असेल तर पाणी. खांब उभा होत नाही तोवर मेलेला माणूस घराच्या उंबऱ्याबाहेर ताटकळतो म्हणतात. खांब उभा राहिला की घोड्यावर बसून निघून जातो.

आता अडचण अशी की बहुतेक माणसं फार साधी मरतात. खोकल्यानं, हिवतापानं. खोकला कोरायचा कसा? म्हणून मी थोडी भर घालायचो. लहानू मोहाच्या झाडावरून पडला, तोही मोहाचीच पिऊन. मी झाडाखाली एक वाघ काढून दिला. आज त्याची नातवंडं शपथेवर सांगतात की आज्यानं वाघावर उडी घेतली. एका म्हातारीला ताप आला होता, तिच्या खांबावर मी सात फण्यांचा नाग काढला. पुढे नाशिकहून एक चष्मेवाला फोटो काढायला आला आणि या डोंगरात सात फण्यांचे नाग होते असं वहीत लिहून घेऊन गेला. मी त्याला ते कोणत्या बिळात राहायचे तेही दाखवलं.

कुसाबाई माझी शेजारीण. तिचा नवरा पुंजा भोये माझा जोडीदार. नदीवर मासे धरायला गेला आणि साप चावून गेला. मी त्याला घोड्यावर बसवलं, हातात भाला दिला, आणि साप काढला तो बैलाच्या मानेएवढा. खांब बघून कुसाबाई म्हणाली, "रावजी दादा, ह्यांनी घोडा एकदाच बघितला व्हता. वणीच्या जत्रेत, लांबून. तरी घाबरले व्हते."

"होईल सवय," मी म्हणालो.

रडत होती तरी हसली. कडेवर बुधा होता, चार वर्षांचा.

हा बुधा त्र्याण्णव साली फौजेत गेला. भरती नाशिकला होती. उंची मोजली, छाती मोजली, दात बघितले, ओल्या पायानं फरशीवर उभं करून तळपायाचा ठसा बघितला. घरी येऊन म्हणाला, "आई, बैलबाजारात पण एवढं बघत नायत." मग एक दिवस नाशिक रोडवरून रेल्वेत बसला आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीत गेला.

त्याची पत्रं यायची. कुसाबाईला वाचता येत नाही. पाड्यात वाचणारे दोनच: एक शाळेचे मास्तर, जे शाळेत नसायचे, आणि दुसरा मी, चौथी पास. पत्र आलं की ती हातातलं काम टाकायची, हात-पाय धुवायची, लुगडं नीट करायची आणि माझ्या ओट्यावर येऊन बसायची, देवाला बसावं तशी. आणि बुधाचं पत्र म्हणजे चार ओळी. मी बरा आहे, तू बरी राहा, नागली कशी आहे, पाऊस किती झाला. एवढ्या तयारीनं बसलेल्या बाईला चार ओळी कशा वाचून दाखवायच्या? मी चाळीस वाचायचो. बुधानं हिमालय कसा ओलांडला, पलटणीतला हत्ती त्याचंच कसं ऐकतो, मोठ्या साहेबाच्या बायकोनं त्याला भाकरी करायला शिकव म्हणून कसं सांगितलं. कुसाबाई मान डोलवायची. मला वाटायचं, लाकडावर चालतं ते कागदावर का नाही चालणार?

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात एक पत्र आलं. ते मी असं वाचलं: 'आई, साहेबांनी माझ्या पायाचं माप घेतलं. म्हणाले, असा पाय अख्ख्या पलटणीत नाही. ते माप आता दिल्लीला मोठ्या साहेबाकडे पाठवलं आहे.'

कुसाबाईनं ते पाडाभर सांगितलं. दळताना सांगितलं, पाण्यावर सांगितलं. "अनवाणी डोंगर चढून झालाय तो पाय," म्हणायची, "दिल्लीवाल्यांना कुठं बघायला मिळणार."

जूनमध्ये तार आली. आणि तारेमागोमाग ट्रकातून लाकडी पेटी, सोबत दोन जवान. शेवटच्या चढावरून पेटी आम्ही खांद्यावर आणली. कागदावर लिहिलं होतं की शिपाई बुधा पुंजा भोये याचा झोपेत हृदय बंद पडून नैसर्गिक मृत्यू झाला. वय तेवीस.

जवान भले होते. म्हणाले, पेटी उघडू नका, तोंड काचेतून बघा. कुसाबाईनं तोंड बघितलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पेटीच्या पायथ्याशी उभी राहिली. आमच्यात लांबून कुणी आलं की त्याच्या पायावर पाणी घालून मगच आत घेतात.

"पोरगा बाहेरून आलाय," ती म्हणाली. "पाय धुतल्याबिगर घरात कसा घेऊ?"

जवानांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या एकाला आई असावी. त्यानं पायाकडची फळी खोलली.

ती पाय हातात घ्यायला वाकली म्हणून तांब्या मी धरला. त्यामुळे जे दिसलं ते दोघांनाही दिसलं. दोन्ही टाचांची कातडी गेलेली. बोटांची नखं काळी. तळव्याला फोड, काही फुटलेले. तो पाय कधी काट्यालाही दाद न देणारा. सुरगाण्याच्या बाजाराला अनवाणी जाऊन येणारा. कुसाबाईनं एकेका बोटामधून पाणी सोडलं, पदरानं पाय पुसले. मग ती जवानाला म्हणाली, "बाळा, झोपेत मेला म्हणतात. मग हा एवढा चालला कुठं?"

जवानाला ठाऊक नव्हतं.

मला थोडंसं ठाऊक होतं. मे महिन्याच्या पत्रात बुटांचं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नव्हतं; म्हणजे डोळ्यांनी वाचलं होतं, तोंडानं दिल्ली वाचली होती. त्या दिवशी बोलायला हवं होतं. पण बोलायचं तर आधी हे सांगायचं की बाई, चार वर्षं मी तुला खोटं वाचून दाखवलं. तिच्याकडे बुधाचं उरलं होतं काय? एक पत्र्याची पेटी आणि माझी चाळीस-चाळीस ओळींची पत्रं. मी तांब्या खाली ठेवला आणि गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो, तेही नको त्या वेळी.

खांबासाठी साग आणला. मी पटाशीला धार लावली आणि कुसाबाईकडे गेलो. म्हणालो, "घोडा असा काढतो की दोन पाय हवेत. हातात बंदूक. खाली दुश्मन, सात-आठ पुरेत का?"

"काय झालं ते तुम्हाला ठाऊक हाय?"

"नाय."

"मग कोरायचं नाय."

"कुसा, खांब उभा नाही केला तर पोरगा दारात ताटकळत राहील."

"राहू द्या. मी हाय ना घरात." ती म्हणाली, "ह्यांच्या खांबाला तुम्ही भाला दिला, मी काय बोलले नाय. साप चावला ते सगळ्यांना ठाऊक व्हतं, मग वरून भाला असला काय नि नसला काय. ह्याचं कुणालाच ठाऊक नाय. ह्याला खोटं चालणार नाय."

मग साग तिच्या घराच्या वळचणीला आडवा पडून राहिला, कोरा. आणि रोज दिवस कलला की ती उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी ठेवायची. पायावर घ्यायला.

आम्ही अर्ज केले. लिहायला मीच. ती सांगायची तेवढंच, कारण लिहून झाल्यावर ती मला ते तीनदा मोठ्यानं वाचायला लावायची आणि तिन्ही वेळा तेच आलं पाहिजे असं बघायची. तेव्हाच मला कळायला हवं होतं की बाईला संशय आहे. वर्ष-सव्वा वर्षानं उत्तर यायचं. चौकशी पूर्ण झाली आहे, मृत्यू नैसर्गिक आहे, प्रकरण बंद.

"पायाचं काय म्हणतात?" ती विचारायची.

"पायाचं काही नाही."

"मग परत लिहा."

अशी पाच उत्तरं आली. आमच्या तालुक्यात बिबट्यानं शेळी मारली तर तीन माणसं येतात, पंचनामा करतात, दातांच्या खुणा मोजतात. कुसाबाई म्हणायची, "शेळीचं बरं हाय."

दोन हजार तीन सालच्या हिवाळ्यात आम्ही दोघं नाशिकला गेलो. फौजींच्या कामाची जी कचेरी होती तिथल्या कारकुनानं फाईल उघडली, मिटली आणि दया येऊन म्हणाला, "बाबा, असा अर्ज उपयोगाचा नाही. सीबीएस स्टँडजवळ कोर्टाच्या आवारात मीनाबाई टायपिस्ट बसतात. त्यांच्याकडे जा."

मीनाबाई लिंबाखाली बसल्या होत्या. पुढे टाइपरायटर, बाजूला छत्री, कपाळावर चष्मा. पन्नाशीच्या. दहा वकिलांना पुरेल एवढं त्या एकट्या बोलायच्या, पण ऐकून घेतल्यावर. कुसाबाईनं सगळं सांगितलं, पायांसकट. मीनाबाईंचा हात टाइपरायटरवर तसाच राहिला.

"मावशी, तुम्ही बघितलं ते खरं आहे. पण त्यांनी ते कागदावर घेतलंच नाही. मुलाचं काही लिहिलेलं आहे का? शेवटची पत्रं?"

"हायत की." कुसाबाईनं पिशवीतून पत्र्याची पेटी काढली. "पण त्यात तक्रार नाय काय. सगळं चांगलंच लिहिलंय. दादांनी वाचून दाखवलीत."

मीनाबाईंनी सगळ्यात वरचं उचललं, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचू लागल्या, मनातल्या मनात. दुसऱ्या ओळीला थांबल्या. माझ्याकडे बघितलं. तसं मला मास्तरांनी एकदाच बघितलं होतं, मी शाळेला आग लागली म्हणून सुट्टी करून दिली तेव्हा.

"आजोबा, तुम्ही हे वाचलं होतं?"

तिथून पळायला वाट होती. डोळे अधू झालेत म्हणायचं. अक्षर कळलं नाही म्हणायचं. माझ्याकडे अशा वाटा पावसाळ्यात ओहोळ फुटतात तशा फुटतात. मी म्हणालो, "बाई, ते इकडे द्या. मी वाचतो."

आणि कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, मी बुधाचं पत्र पहिल्यांदा वाचलं.

'प्रिय आईस बुधाचा नमस्कार. मला नवीन बूट मिळाले ते एक नंबर लहान आहेत. बदलून मागितले तर कवायत घेणारे उस्ताद म्हणतात बूट बदलत नसतात, पाय बदल. टाचांना जखम झाली आहे. म्हणून मी सवड मिळाली की बूट काढून बसतो, त्याची शिक्षा होते. चार दिवस ताप आहे. दवाखान्यात गेलो, गोळी देऊन परत पाठवलं. तू काळजी करू नको. नागली पेरायच्या आधी बांध घालून घे.'

वाचून झाल्यावर मी कागदाची घडी घातली. ती नीट बसेना.

कुसाबाईनं माझ्या हातातल्या घडीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"परत."

तिसऱ्यांदा वाचलं. तिन्ही वेळा तेच आलं.

मीनाबाईंनी टाइपरायटरमध्ये कोरा कागद चढवला. "मावशी, आता सांगा, काय मागायचं?"

कुसाबाई म्हणाली, "लिहा. माझा पोरगा घेताना तुम्ही त्याचा तळपाय पाण्यात भिजवून बघितला. परत देताना का बघितला नाय?"

मीनाबाईंनी तेच टाइप केलं, पहिल्या ओळीत. खाली मग त्यांच्या पद्धतीचं: दवाखान्याच्या नोंदवहीची नक्कल काढावी, बूट वाटल्याची नोंद काढावी, त्या बराकीत सोबत राहणाऱ्या प्रत्येक जवानाला विचारावं. पत्राची नक्कल जोडली. रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

परतीच्या एसटीत कुसाबाई माझ्या पुढच्या बाकावर बसली. दिंडोरी गेली, वणी गेली. सप्तशृंगीच्या डोंगराकडे तिनं हात जोडले. बोरगावच्या घाटात, पुढेच बघत, ती म्हणाली, "म्हणजे दिल्लीला माप गेलंच नाय."

"नाय."

"मी सगळ्या पाड्याला सांगितलं."

"हो."

"आणि हत्ती?"

"हत्ती पण नव्हता."

गाडीनं तीन वळणं घेतली. "हत्ती आवडला व्हता मला," ती म्हणाली. एवढंच.

उतरल्यावर शेवटचा चढ चढताना ती थांबली. मला वाटलं, आता ही मला जन्माचं तोडणार, आणि तोडावंच. ती म्हणाली, "पेटीत अजून चोवीस पत्रं हायत. रोज एक वाचायचं. जसं हाय तसं. एक शब्द जास्त आला तर मला कळंल."

चोवीस दिवस मी वाचली. चार-चार ओळी. वाचून व्हायला एवढासा वेळ लागायचा आणि मग आम्ही दोघं तसेच ओट्यावर बसून राहायचो. सोळाव्या पत्रात एक ओळ होती, पंच्याण्णव सालची. ती मी तेव्हा अर्थातच गाळली होती. आता वाचावी लागली. 'रावजी काका पत्र वाचताना त्यांच्या पदरचं घालतात हे मला ठाऊक आहे. मी सुट्टीत आलो तेव्हा तू मला हत्तीचं विचारलंस. मी होय म्हणालो. तुला बरं वाटतं म्हणून चालू दे. मी कमी लिहितो, त्यांना जागा राहावी.'

मी चष्मा पुसायला काढला. पुसून झाला तरी घातला नाही.

"बघा," कुसाबाई म्हणाली, "तुमच्यापेक्षा लबाड निघाला."

पुढच्या फेब्रुवारीत फौजेचे एक मेजर साहेब आले. नव्यानं चौकशी लागली होती. जीप चढाखाली ठेवून चालत आले. साताऱ्याकडचे, मराठी बोलणारे, पण मोजकं. दारात आल्यावर कुसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांना कळेना, मी खूण केली. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि ओट्याखाली उभे राहिले. ती त्यांच्या पायांवर पाणी घालताना टाचेकडे बघत होती. टाच चांगली होती.

त्यांनी तिचं सगळं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "बाबा, तुम्ही तांब्या धरला होता म्हणे. तुम्हाला काय दिसलं?"

आता तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या जिभेवर काय काय येऊन बसलं होतं. पाठीवरचे वळ. मनगटावर दोरीच्या खुणा. पेटीतून आलेला एक उसासा. सगळं एकदम तयार, साग कापून ठेवावा तसं. आणि मला खरंच वाटत होतं की त्यानं काम लवकर होईल. कुसाबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "दोन्ही टाचांची कातडी गेलेली होती. नखं काळी होती. तळव्याला फोड होते. बाकी काही बघितलं नाही. पेटी पायाकडूनच उघडली होती."

साहेबांनी लिहून घेतलं. माझी गोष्ट इतक्या लवकर कधीच संपली नव्हती. कुसाबाईनं मला चहा आधी दिला, साहेबांच्याही आधी.

जाताना त्यांची नजर वळचणीच्या सागाकडे गेली. "हा कशाला ठेवलाय?"

"बुधाचा खांब," मी म्हणालो. "कसा गेला ते कळल्याशिवाय कोरता येत नाही."

"किती दिवस झाले?"

"सात वर्षं होतील."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. हे कशाला लिहिताय म्हणून मी विचारलं नाही.

पाऊस गेला, भात कापून झाला, आणि पुढच्या जानेवारीत साहेब पुन्हा आले. पोस्टानं पाठवलं असतं तरी चाललं असतं. ओट्यावर बसून त्यांनी कागद वाचला, सावकाश. शिपाई बुधा पुंजा भोये याचा मृत्यू नैसर्गिक नव्हता. अंगात ताप असताना, बूट काढून बसला म्हणून, त्याला पाठीवर वजन देऊन भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. कितव्या फेरीला पडला ते कुणी मोजलं नाही. उष्माघात. दवाखान्याच्या वहीत त्याआधीच ताप आणि पायाच्या जखमांची नोंद होती. ती पहिल्या वेळी कुणी उघडून बघितली नाही. शिक्षा देणाऱ्यावर आणि झाकणाऱ्यांवर कारवाई होत आहे. मृत्यू सेवेत असताना, सेवेमुळे झाला असं धरावं. त्या वेळी नीट चौकशी झाली नाही ही आमची चूक आहे.

शेवटचं वाक्य त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं. ते कागदावर होतं का नाही, मला सांगता येणार नाही.

कुसाबाई म्हणाली, "पडल्यावर त्याच्याजवळ कोण व्हतं का?"

साहेबांनी दुसरा कागद काढला. सटाण्याकडचा एक नाथा नावाचा जवान होता, शेजारच्या खाटेवरचा. आता नोकरी संपवून गावी असतो. साहेब त्याच्या घरी जाऊन आले होते. त्यानं सांगितलं होतं: मी त्याला उचलून आणलं. बूट काढले. त्याचे पाय मांडीवर घेऊन पाणी घातलं. तो म्हणाला, घरी आई असंच घालते. मग झोपला. पहाटे बघितलं तर गेलेला.

"एवढी वर्षं सांगितलं का नाही, असं मी त्याला विचारलं," साहेब म्हणाले. "ते त्याच्याच बोलीत लिहून घेतलंय. 'माले कोनी इचारंच नही.'"

ओट्यावर कोंबडी येऊन साहेबांच्या बुटात डोकावून गेली. कुसाबाईनं पदर डोळ्यांना लावला नाही. हातानं लुगड्याची निरी मोडत-घालत बसली. मग म्हणाली, "पाणी गार व्हतं का?"

साहेबांनी कागद पुढे-मागे केले. मी त्यांच्याकडे बघत होतो. या प्रश्नाला कुणीही माणूस होय म्हणेल. मी तर केव्हाच म्हटलं असतं, वर वाळाही घातला असता. साहेब म्हणाले, "ते यात नाही, माई. मी विचारून कळवतो."

तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. सरकारी शिक्का, खाली साहेबांची सही. मी वाचलं: 'नाथा यांना विचारले. पाणी बराकीतील माठातले होते. गार होते.'

"परत वाचा," कुसाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी साग वळचणीतून ओढून काढला. आठ वर्षांत इतका वाळला होता की पटाशी त्यावर गात होती. सूर्य-चंद्र झाले. मग मी नेहमीच्या जागी घोड्याच्या मानेची रेघ मारली, तर कुसाबाईनं हात धरला.

"घोडा नको."

"अगं, मग जाईल कसा?"

"चालत. त्याचे पाय बरे झालेत आता."

माळावरच्या एकशे चौदा खांबांत तसा खांब नव्हता. मी तिच्या सांगण्याप्रमाणे कोरला. मधे बुधा, अनवाणी, चालणारा. खाली एक माणूस बसलेला, त्याच्या मांडीवर दोन पाय, हातात तांब्या. बाजूला बुटांचा जोड. टाचांना तिनं मला काहीच करू दिलं नाही. गुळगुळीत ठेवायला लावल्या. वाघ नाही, नाग नाही, दुश्मन एकही नाही. लोक म्हणाले, रावजी म्हातारा झाला.

खांब उभा केला त्या दिवशी सटाण्याहून नाथा आला होता. कुसाबाईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं तेव्हा त्यानं मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. मीनाबाई येऊ शकल्या नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं, टाइप केलेलं, म्हणजे मला भर घालता येऊ नये. त्या संध्याकाळी कुसाबाईनं उंबऱ्याबाहेर तांब्या ठेवला नाही. हात मात्र सवयीनं दाराकडे गेला होता, ते मी बघितलं.

आता राहिलं एक. खांबाच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, गवत वाढलं की दिसत नाही अशा जागी, मी बोटाच्या पेराएवढा एक घोडा कोरला होता. जीन नाही, लगाम नाही. मान खाली घालून चरणारा. रस्ता लांबचा, लागला तर असावा.

आठवड्यानं कुसाबाईनं मला माळावर नेलं आणि तिथे बोट ठेवलं. तिला काही दिसत नाही असं माणसाला वाटतं.

"दादा, हा कुणाचा?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. "इथलं गवत चांगलं आहे. आला असेल चरायला."

ती वाकून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं भोवतीचं गवत थोडं उपटलं, पण सगळं नाही. घोड्याच्या तोंडापुढचं तसंच ठेवलं.

"चरू द्या," ती म्हणाली.